फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवताना

प्रस्तावना

आंबिवली-मोहन्याच्या मांडवाला पांढरे छत नसते. फ्लॅशविषयीची बहुतेक पुस्तके ज्या सल्ल्यापासून सुरू होतात, तो सल्ला त्यामुळे इथे पहिल्याच ऑर्डरला निकामी ठरतो. फ्लॅशचे तोंड वर करा, उजेड छतावर आपटू द्या, तो पसरून मऊ होऊन चेहऱ्यावर उतरेल, असे ती पुस्तके सांगतात. सल्ला खराच आहे, पण तो डोक्यावर चार-पाच फुटांवर पांढरा स्लॅब असलेल्या खोलीसाठी आहे. अटाळी, वडवली, मोहने इथली हळद घरासमोरच्या अंगणात नाहीतर गल्लीतच मांडव घालून होते. वर लाल-पिवळे कापड, कडेने झालरी, आणि कापड संपले की रात्रीचे उघडे आकाश. लाल कापडावर आपटलेला उजेड लाल होऊन खाली येतो आणि आकाशाकडे सोडलेला परतच येत नाही. मग फोटोग्राफर नाइलाजाने फ्लॅश सरळ समोर धरतो. नवऱ्या मुलाच्या कपाळावरची ओली हळद चकाकते, नाकाचा उठाव जातो, मागच्या पडद्यावर काळी कडा पडते. धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणत असते, आई-आत्या मुलाला हळद लावत असतात, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर खूप काही चाललेले असते. आणि अल्बममध्ये मात्र सगळे एका सपाट पुठ्ठ्यावर चिकटवल्यासारखे दिसतात.

यावर उपाय जुना आणि साधा आहे: फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचा, बाजूला नेऊन थोडा उंच उभा करायचा. चेहऱ्याच्या एका बाजूने उजेड आला की गालाला गोलाई येते, हळदीचा पोत दिसतो, काठपदराची जर उठते. प्रश्न उरतो तो एवढाच की दूर उभ्या केलेल्या त्या फ्लॅशला नेमक्या क्षणी पेटायला सांगायचे कसे. ही पुस्तिका त्या निरोपाविषयी आणि तो पोचवणाऱ्या उपकरणांच्या निवडीविषयी आहे. ती शहाड ते टिटवाळा, पुढे खडवली-वासिंदपर्यंतच्या पट्ट्यात लग्न, साखरपुडा, बारसे, घरचे गणपती अशी कामे करणाऱ्या फोटोग्राफरसाठी लिहिली आहे. मोहन्याची एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली, आणि महिन्याच्या पगारावर चालणारी किती तरी घरे त्यानंतर हातातल्या कामावर आली. ऑर्डर मिळाली तर पैसे मिळतात, अशा ठिकाणी वीस हजारांची चुकीची खरेदी ही किरकोळ गोष्ट नसते. म्हणून निवड कशी करावी हे मी सविस्तर लिहिले आहे, आणि जिथे माझे मत ठाम आहे तिथे ते ठामपणेच मांडले आहे.

थोडे मागे जाऊन पाहू. फोटोसाठी कृत्रिम उजेड आधी मॅग्नेशियमच्या पुडीतून आला, मग काचेच्या बल्बमधून. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांच्या पिढीतल्या वृत्तछायाचित्रकारांनी हे बल्ब वापरले. एक बल्ब एकदाच पेटायचा, की तो काढून खिशातला दुसरा लावायचा. अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३१ च्या सुमारास वायूने भरलेल्या नळीतून विजेचा झोत सोडून पुन्हापुन्हा पेटणारा फ्लॅश कामाला लावला, आणि आज आपण वापरतो तो प्रत्येक फ्लॅश त्याच तत्त्वावर चालतो: सेलच्या विजेने कपॅसिटर भरायचा, मग ती साठवलेली वीज क्षणार्धात झेनॉनच्या नळीतून सोडायची. त्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि फ्लॅश बंद केल्यावरही तो बराच वेळ टिकतो. घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन फ्लॅश उघडणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

फिल्मच्या काळात आपल्याकडच्या लग्नांत दांडीवरची मेट्झ नाहीतर हॉटशूवरची व्हिव्हिटार असायची, आणि बाजूचा उजेड हवा असेल तर एखादा मुलगा फ्लॅश हातात धरून उभा राहायचा. त्याच्यापासून कॅमेऱ्यापर्यंत सिंक कॉर्ड नावाची वायर जायची. ही वायर आजही सगळ्यांत खात्रीची आहे. तिला चॅनल नाही, बॅटरी नाही, तिच्यात दुसऱ्याचा सिग्नल घुसत नाही. स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढणाऱ्याने बिनतारी ट्रिगर घेतलाच पाहिजे असे मुळीच नाही. मांडवात मात्र वायर चालत नाही. पोरे धावतात, पाहुणे ताटे घेऊन फिरतात, कुणाचा तरी पाय अडकतो आणि स्टँडसकट फ्लॅश खाली येतो.

वायर काढल्यावर पहिला मार्ग सुचला तो उजेडाचाच. एका फ्लॅशचा झोत पाहून दुसरा फ्लॅश पेटतो. त्याला ऑप्टिकल स्लेव्ह म्हणतात. स्वस्तातल्या फ्लॅशमध्येही ही सोय असते, बहुधा एस१ आणि एस२ या नावांनी. एस१ पहिला झोत दिसताच पेटतो. पण टीटीएलवर, म्हणजे पॉवर आपोआप ठरवण्यावर, असलेला कॅमेरा खऱ्या झोताच्या आधी उजेड मोजण्यासाठी एक बारीक झोत सोडतो, आणि एस१ त्यालाच फसून आधीच पेटून मोकळा होतो. एस२ तो बारीक झोत सोडून देऊन दुसऱ्याची वाट पाहतो. बंद खोलीत, एकटेच काम करत असाल, तर हे पुरेसे आहे. लग्नात तुमचा स्लेव्ह फ्लॅश समोरच्या पार्टीच्या फोटोग्राफरच्या, कुणा पाहुण्याच्या, कुणाच्याही फ्लॅशला उत्तर देतो. तुम्ही शटर दाबता तेव्हा तो नुकताच पेटून पुन्हा भरत असतो.

मग मोठ्या कंपन्यांनी याच मार्गावर सांकेतिक भाषा आणली. कॅननने १९९८ मध्ये ५५०ईएक्स हा फ्लॅश आणला, निकॉनची सीएलएस ही पद्धत आली. मुख्य फ्लॅश किंवा कॅमेऱ्यावरचा ट्रान्समीटर झोतांच्या, अनेकदा अवरक्त किरणांच्या, सांकेतिक टिपक्यांतून दूरच्या फ्लॅशला ‘इतक्या पॉवरने पेट’ असा हुकूम देऊ लागला. अमेरिकेतल्या ‘बाल्टिमोर सन’ या दैनिकाचे छायाचित्रकार डेव्हिड हॉबी यांनी २००६ पासून छोटे फ्लॅश कॅमेऱ्याबाहेर कसे वापरावे हे ‘स्ट्रोबिस्ट’ या नावाने जगभरच्या फोटोग्राफरना मोकळेपणाने शिकवले, आणि छोट्या फ्लॅशविषयी अनेकांची दृष्टीच बदलली. पण उजेडाने जाणाऱ्या निरोपाची अडचण कायम राहिली. फ्लॅशला ट्रान्समीटर दिसला पाहिजे. मध्ये खांब आला, माणूस आला, सॉफ्टबॉक्सने डोळा झाकला, की निरोप तुटला. भर उन्हात तर तो निरोप उन्हातच बुडून जातो.

म्हणून रेडिओ. अमेरिकेतल्या पॉकेटविझार्डने व्यावसायिकांना रेडिओची सवय लावली. कॅननने २०१२ मध्ये ६००ईएक्स-आरटीमध्ये रेडिओ फ्लॅशच्या पोटातच बसवला, निकॉनने २०१६ मध्ये एसबी-५००० मध्ये. दरम्यान चीनमधल्या योंगनुओ आणि गोडॉक्स या कंपन्यांनी तीच सोय खूप कमी पैशांत दिली. आज आपल्या भागातल्या बहुतेक बॅगांमध्ये याच दोन नावांपैकी एक सापडते. रेडिओला समोर दिसण्याची गरज नाही, तो कापडातून आणि प्लायवूडमधून जातो, उन्हाची त्याला अडचण नाही. आजचे बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. भारतात हा पट्टा कमी पॉवरच्या उपकरणांसाठी २००५ पासून परवान्याविना खुला आहे.

खुला आहे म्हणजे सगळ्यांना खुला आहे, आणि निवडीचा खरा विचार इथून सुरू होतो. हॉलचा वायफाय, प्रत्येक खिशातले ब्लूटूथ, व्हिडिओवाल्याचे बिनतारी माइक, वर उडणारा ड्रोन, हे सगळे बहुतेक करून त्याच पट्ट्यात बोलत असतात. त्यात माणसाचे शरीर बरेचसे पाण्याचे, आणि पाणी या लहरी शोषते. खोक्यावर ‘१०० मीटर’ लिहिलेले असते ते मोकळ्या मैदानाचे. मांडवात चारशे माणसे उभी असताना, ट्रिगर तुमच्या छातीशी आणि फ्लॅश गर्दीच्या पलीकडे कमरेच्या उंचीवर असताना, वीस मीटरलाही झोत चुकू शकतो. फ्लॅश डोक्यांच्या वर, सात-आठ फुटांवर नेला की तोच ट्रिगर निमूट चालतो. लोखंडी ट्रस आणि पाइपांचा मांडव असेल तर लहरी त्यावर आपटून फिरतात आणि विशिष्ट जागीच सिग्नल मरतो. स्टँड दोन फूट सरकवला तरी काम होते. उलटा प्रकारही आहे. फ्लॅश अगदी हाताशी, मीटरभरावर असेल तर सिग्नल जास्त जोरदार होऊन काही ट्रिगर चुकतात. गोडॉक्सच्या ट्रिगरमध्ये यासाठी ० ते ३० मीटर आणि १ ते १०० मीटर अशी निवड असते. ती कुठल्या तरी मेनूत खोल दडलेली असल्याने बरेच जण ती न पाहता ट्रिगर खराब म्हणून परत करतात.

याहून मोठा घोळ होतो तो दोन फोटोग्राफरांमुळे. आपल्याकडे मुलीकडचा फोटोग्राफर वेगळा आणि मुलाकडचा वेगळा. दोघांकडे एकाच कंपनीचा ट्रिगर, आणि दोघांचा चॅनल जसा खोक्यातून आला तसा १ वर. अंतरपाट धरला जातो, मंगलाष्टके सुरू होतात, आणि एकाने शटर दाबले की दुसऱ्याचा फ्लॅशही पेटतो. दोघांचे एक्सपोजर बिघडते, सेल दुप्पट वेगाने संपतात, आणि दोघेही मनात समोरच्याला दोष देतात. गोडॉक्सच्या एक्स मालिकेत ३२ चॅनल आहेत आणि शिवाय १ ते ९९ असा आयडी देता येतो. चॅनल आणि आयडी दोन्ही जुळल्याशिवाय फ्लॅश पेटत नाही. म्हणून ट्रिगर निवडताना माझी पहिली अट हीच आहे: त्यात आयडीची सोय असलीच पाहिजे. केवळ चार डिप-स्विचवर चॅनल बदलणारे स्वस्त ट्रिगर स्टुडिओपुरते ठीक आहेत, लग्नासाठी ते घेऊ नयेत. काही ट्रिगर मोकळा चॅनल शोधूनही देतात. ती सोय मंडप भरल्यावर वापरावी, रिकामा असताना वापरून उपयोग नाही, कारण तेव्हा सगळेच चॅनल मोकळे दिसतात.

दुसरी अट ट्रिगरवरूनच प्रत्येक फ्लॅशची पॉवर बदलता येण्याची. दोन फ्लॅश आठ फुटी स्टँडवर, गर्दीच्या दोन टोकांना. नवरी स्टेजवरून खाली आली, उजेड एक स्टॉप कमी हवा. स्टँडपर्यंत जाऊन, तो खाली करून, बटण दाबून परत येईपर्यंत क्षण निघून जातो. गटांची सोय, म्हणजे ए, बी, सी असे फ्लॅशचे गट करून हातातल्या ट्रिगरवर प्रत्येकाची पॉवर कमीजास्त करणे, ही मला टीटीएलपेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

टीटीएलविषयी माझे मत अनेकांना पटणार नाही, तरी ते सांगतो. टीटीएलमध्ये कॅमेरा दर फोटोला उजेड मोजून पॉवर ठरवतो. फ्लॅश कॅमेऱ्यावर असेल, तुम्ही चालत असाल, वरात पुढे सरकत असेल, तेव्हा ते उपयोगाचे आहे. पण फ्लॅश स्टँडवर स्थिर आणि माणसे विधीला एका जागी असताना त्यांच्यातले अंतर बदलत नाही, म्हणजे लागणारा उजेडही बदलत नाही. अशा वेळी टीटीएल समोरच्या रंगाला फसते. चौकटीत पांढरे धोतर जास्त आले की पॉवर कमी, काळी शेरवानी आली की जास्त, जरीच्या पदराने झोत परतवला की पुन्हा कमी. एकाच विधीचे वीस फोटो वीस वेगवेगळ्या उजेडाचे, आणि अल्बम लावताना एडिटिंगला बसणाऱ्याच्या रात्री जातात. मॅन्युअलमध्ये एकदा पॉवर जमली की शेवटच्या फोटोपर्यंत तीच. म्हणून नव्याने घेणाऱ्याला मी मॅन्युअल फ्लॅश घ्यायला सांगतो. गोडॉक्सचा टीटी६०० किंवा योंगनुओचा वायएन५६० मालिकेतला रेडिओ असलेला फ्लॅश, टीटीएलच्या फ्लॅशपेक्षा बऱ्याच कमी पैशांत. वाचलेल्या पैशांत दुसरा फ्लॅश येतो, आणि दोन साधे फ्लॅश एका हुशार फ्लॅशपेक्षा मांडवात नेहमी जास्त काम करतात.

पॉवर किती लागते याचा हिशेब एकदा करून पाहावा. अशा फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या पोहोचेचा आकडा, खोक्यावर ६० लिहिलेला असतो, पण तो झूम २०० मिलिमीटरवर नेऊन झोत अरुंद केल्यावरचा. ३५ मिलिमीटरच्या रुंदीला तो साधारण ३६ धरावा, आयएसओ १०० ला, मीटरमध्ये. हळदीच्या रात्री आपण आयएसओ ८०० आणि एफ/४ वर असतो. आयएसओ तीन स्टॉपने वाढला की गाइड नंबर सुमारे २.८ पट होतो, म्हणजे शंभरच्या आसपास. त्याला ४ ने भागले की २५ मीटर. पांढऱ्या अंब्रेलातून उजेड सोडला तर साधारण दोन स्टॉप जातात, अंतर निम्मे होते, बारा मीटर राहते. आता पॉवर १/८ वर आणा. अंतर साडेचार मीटरच्या आसपास येते. मांडवात स्टँड आणि नवरदेव यांच्यातले अंतर एवढेच असते. म्हणजे हळदीचे काम एक साधा फ्लॅश एक अष्टमांश पॉवरवर करतो, आणि त्या पॉवरला तो लगोलग पुन्हा भरतो. ‘जास्त पॉवरचा फ्लॅश हवा’ ही रात्रीच्या कामात सहसा खरी गरज नसते. आयएसओ १०० वर अडून बसलेल्या सवयीमुळे ती वाटते.

दिवसा गोष्ट वेगळी. उल्हास नाहीतर काळूच्या काठावर दुपारी प्री-वेडिंग आहे, सूर्य जोडप्याच्या मागे आहे. भर उन्हात आयएसओ १०० ला १/२०० आणि एफ/११ हे साधारण एक्सपोजर. ३६ ला ११ ने भागले की जेमतेम सव्वातीन मीटर, तेही उघडा फ्लॅश पूर्ण पॉवरवर. अंब्रेला लावली की दीड मीटर, म्हणजे स्टँड चौकटीतच येतो. त्यात मागची झाडे धूसर हवीत म्हणून एफ/२.८ वर जायचे, तर शटर १/३२०० पर्यंत न्यावे लागते. आणि बहुतेक कॅमेऱ्यांचे शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे एका वेळी पूर्ण उघडतच नाही, एक फट सेन्सरवरून सरकत जाते. साधा झोत त्या फटीपुरताच दिसतो आणि बाकी चौकट काळी येते. हाय-स्पीड सिंकमध्ये फ्लॅश एका झोताऐवजी अतिशय जलद झोतांची माळ सोडतो. चौकट भरते, पण पॉवर दोन स्टॉप किंवा त्याहून जास्त घटते. ज्यांची कामे अशी आहेत त्यांनी हाय-स्पीड सिंक देणारा ट्रिगर आणि गोडॉक्सच्या २०० वॅट-सेकंदाच्या एडी२०० सारखा मोठा फ्लॅश घ्यावा. ज्यांच्या वर्षाच्या ऑर्डरीत अशा दुपारी मोजक्याच आहेत, त्यांनी सकाळी सातला किंवा सूर्य उतरल्यावर वेळ द्यावी. ऊन कलले की टीटी६०० पुरतो.

इथे खरेदीचा मुख्य मुद्दा मांडतो. लोक फ्लॅश निवडतात आणि मग त्याला चालेल तो ट्रिगर शोधतात. क्रम उलटा हवा. आधी ट्रिगरचे घराणे निवडावे, कारण पुढचा प्रत्येक फ्लॅश त्याच घराण्यातला घ्यावा लागतो. योंगनुओचा फ्लॅश गोडॉक्सच्या ट्रिगरला पोटातल्या रेडिओने उत्तर देत नाही, कॅननचा आरटी या दोघांनाही देत नाही. गोडॉक्सची एक सोय मला विशेष वाटते: स्टँडवरचा फ्लॅश कुठल्याही ब्रँडच्या कॅमेऱ्याला चालतो, बदलावा लागतो तो फक्त कॅमेऱ्यावरचा ट्रिगर. कॅननला सी अक्षराचा, निकॉनला एन, सोनीला एस, फुजीला एफ. आज कॅनन आहे आणि दोन वर्षांनी सोनी घेतला, तर चार फ्लॅश तेच राहतात. ज्यांच्याकडे कॅननचे जुने चांगले फ्लॅश आहेत त्यांना एक्स१आर-सी सारखा रिसीव्हर पायाखाली लावून तेही या घराण्यात आणता येतात. जुन्या स्टुडिओ लाइटला ६.३५ किंवा ३.५ मिलिमीटरचा जॅक असतो, रिसीव्हरला तशी वायर जोडली की तेही पेटतात. फार जुन्या फ्लॅशच्या पायावर मात्र दोनशे व्होल्टच्या वरचा दाब येऊ शकतो. तसा फ्लॅश थेट डिजिटल कॅमेऱ्यावर कधीच चढवू नये, आणि रिसीव्हर किती व्होल्ट झेलतो हे पाहूनच त्यावर ठेवावा.

एक सावधगिरी आपल्या भागासाठी फार महत्त्वाची, कारण कॅननचे २००डी मार्क २, १५००डी आणि ३०००डी हे कॅमेरे इथे भरपूर आहेत. या कॅमेऱ्यांच्या हॉटशूच्या मधोमध नेहमी असतो तो सिंकचा मोठा बिंदू कॅननने काढून टाकला. एकाच पिनवर चालणारे सगळे स्वस्त, ‘कुठल्याही कॅमेऱ्याला चालतो’ असे लिहिलेले ट्रिगर त्यांवर मुकेच राहतात. ट्रिगरही चांगला, कॅमेराही चांगला, फ्लॅश पेटत नाही, आणि घेणारा आठवडाभर सेल बदलत बसतो. त्यांना कॅननसाठीच बनवलेला टीटीएल ट्रिगर लागतो, तोही या कॅमेऱ्यांशी जुळणाऱ्या नव्या फर्मवेअरचा. असा कॅमेरा हातात असेल तर तो दुकानात नेऊन, लावून, पेटवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सेलविषयी थोडक्यात. रिमोटमध्ये घालतो ते साधे सेल फ्लॅशमध्ये घालू नयेत. चांगल्या कंपनीचे निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घ्यावेत, चारचे संच करून त्यांवर नंबर टाकावेत, आणि संच कधी फोडू नये. लिथियमच्या बॅटरीचा फ्लॅश, उदाहरणार्थ गोडॉक्सचा व्ही८६०, पूर्ण पॉवरवरही दीड सेकंदाच्या आसपास पुन्हा तयार होतो. ग्रुप फोटोंच्या रांगेत त्याची किंमत कळते. ट्रिगर मात्र मला दोन पेन्सिल सेलवर चालणाराच बरा वाटतो. आतच बॅटरी असलेले, यूएसबीवर चार्ज होणारे नवे ट्रिगर छोटे आणि देखणे आहेत, पण मध्यरात्री हळदीच्या मांडवात तो संपला तर खिशातला सेल त्याला उपयोगी पडत नाही. पाहुण्यांच्या घरी चार्जरला जागा शोधेपर्यंत उष्टी हळद होऊन जाते.

स्टँड आणि अंब्रेलावर लोक शेवटी उरलेले पैसे घालतात, आणि मला या सवयीची खरोखर काळजी वाटते. मांडवात लहान मुले असतात. आठ फुटांवरचा फ्लॅश कुणाच्या डोक्यावर आला तर पुढे फोटोंचा विषयच राहत नाही. उघड्या मैदानावर अंब्रेला शिडाप्रमाणे वारा धरते, आणि एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी इथे वारा सुटतोच. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवावी, किंवा सरळ क्लॅम्पने फ्लॅश मांडवाच्या पाइपलाच बांधावा आणि वर एक सेफ्टी दोरी घालावी. अंब्रेला मग लहान घ्यावी. महागडा ट्रिगर आणि हलका डगमगता स्टँड ही जोडी मी कुणालाही घेऊ देणार नाही.

खरेदीसाठी आंबिवलीहून थेट लोकलने सीएसएमटीला उतरून फोर्टमधल्या बोरा बाजारात जावे हे उत्तम, कारण तिथे वस्तू हातात घेऊन पाहता येते. आपला कॅमेरा, आपली लेन्स, भरलेले सेल सोबत असावेत. ट्रिगर लावून पॉवर १/८ वर ठेवून सलग क्लिक करावे आणि एकही फ्रेम काळी येते का हे पडद्यावर पाहावे. शटर १/२०० वर नेऊन चौकटीच्या कडेला काळी पट्टी उमटते का ते तपासावे. उमटली तर ट्रिगर सिग्नल द्यायला उशीर करतो आहे, त्याच्यासोबत कायम १/१६० वरच काम करावे लागेल. फ्लॅश पाठीमागे, कमरेखाली धरून पाहावा. दुकानाबाहेर फुटपाथवर कुणाला तरी फ्लॅश घेऊन उभे करावे. दहा मिनिटे काही न करता थांबून, झोपी गेलेला ट्रिगर शटर अर्धे दाबल्यावर जागा होतो का ते पाहावे. बिल पक्के घ्यावे आणि वॉरंटीसाठी सर्व्हिस कुठे मिळते हे बिलावरच लिहून घ्यावे. या सगळ्याला अर्धा तास लागतो आणि चांगला दुकानदार तो देतो.

पहिल्या हंगामासाठी माझे सांगणे असे: तुमच्या कॅमेऱ्याचा, आयडी आणि गटांची सोय असलेला एक ट्रिगर, एक मॅन्युअल फ्लॅश, एक जड स्टँड, एक पांढरी अंब्रेला, रिचार्जेबल सेलचे तीन संच. तुळशीच्या लग्नानंतर काम सुरू होईल. दोन-तीन ऑर्डरींचे पैसे आले की अगदी तसाच दुसरा फ्लॅश. तो नवरा-नवरीच्या मागे तिरका लावला की केसांवर आणि मुंडावळ्यांवर उजेडाची कड येते, आणि माणसे मागच्या अंधारातून सुटी होतात. त्यानंतर, ग्रुप फोटो जास्त असतील तर लिथियमचा फ्लॅश. दिवसाची कामे वाढली तर एडी२००. टीटीएल सगळ्यांत शेवटी.

पुढची प्रकरणे याच क्रमाने आहेत, आणि प्रत्येकात मांडवाचा नकाशा काढून स्टँडच्या जागा दाखवल्या आहेत. शेवटच्या पानावर एक कोरा तक्ता आहे: तारीख, गाव, आपला चॅनल, आपला आयडी, समोरच्या पार्टीच्या फोटोग्राफरचा फोन, त्याचा चॅनल. ऑर्डर घेताना घरच्यांकडून तो फोन मागून घ्यावा आणि साखरपुड्यालाच दोघांनी आपापले आकडे ठरवून टाकावेत.